झेरॉक्सवाल्या मामांना, जरा उशिरानं

मामा, सप्रेम नमस्कार.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, "मागच्या गल्लीत राहतोस, तोंडानं सांगायला काय झालं?" दोनदा आलो होतो. मशीनच्या आवाजात राहून गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो.

आमचा पाच जणांचा ग्रुप आठवत असेल. मी कोल्हापूरचा, एक गडहिंग्लजचा, एक बेळगावचा, एक केरळचा आणि मणिपूरची एक मुलगी. एमबीएचा प्रोजेक्ट, विषय पंचगंगेचा पूर आणि लोकांपर्यंत पोचणाऱ्या सूचना. लीडर मी, कुणी केलं नव्हतं, मीच झालो होतो. 2019 ला आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, पुरातलं मला कोण शिकवणार?

मीटिंगा रंकाळ्यावर, चहाच्या गाड्यापाशी, मराठीत आणि आपल्या आवाजात. आपलं साधं बोलणंही परक्याला भांडण वाटतं, हे मला कोण सांगणार? केरळचा मान डोलवायचा, तो मी होकार धरायचो. तो नुसता "ऐकतोय" म्हणत होता. मणिपूरची गप्प असायची, म्हणजे तिला पटलंय. वर्गात सांस्कृतिक बुद्धिमत्ता, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसांशी जुळवून घेता येणं, शिकवली होती. अर्ली आणि आंग यांनी 2003 मध्ये मांडलेली कल्पना, तिचे चार भाग, सगळं मी पेपरात पाठ लिहिलं होतं. आपलेच अंदाज तपासून बघायचे, हाही त्यातलाच एक भाग.

सबमिशनला आठ दिवस असताना आम्ही कच्ची प्रत स्पायरलला घेऊन आलो. तुम्ही पानं चाळली आणि म्हणालात, "हे पाच जणांचं काम न्हाई, एकाचंच हाय." मला राग आला होता, खरं सांगतो. तेवढ्यात मणिपूरच्या मुलीनं कव्हरवरच्या आकड्यावर बोट ठेवून तुम्हाला हिंदीत विचारलं, "अंकल, 43 फूट कहाँ पे?"

तुम्ही हसला नाहीत. काउंटरवरची फूटपट्टी उभी धरलीत, पायथ्याशी खोडरबर ठेवलात. हा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा, ही तिथली पाणी मोजायची पट्टी. 39 ला इशारा, 43 ला धोका. आकडा तिथल्या पट्टीवरचा, गल्लीतल्या पाण्याचा न्हवं. मग ती बोलली. पहिल्या पावसाळ्यात मोबाईलवर 43 फूट वाचून ती हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रभर बॅग भरून बसली होती. पाणी खिडकीपर्यंत येणार, असं तिला वाटलेलं!

"हे हिनं तुम्हाला सांगितलं न्हाई?" तुम्ही मला विचारलंत. आणि मग हळू आवाजात, "का तू सांगू दिलं न्हाईस?"

शाळेत शाहू जयंतीला मी चार वेळा भाषण ठोकलंय. महाराजांनी वेगवेगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी उभी केलेली वसतिगृहं: 1901 चं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, 1908 चं मिस क्लार्क बोर्डिंग, सगळं तोंडपाठ. टाळ्याही घेतल्यात. आणि इथं पाच जणांच्या ग्रुपात एकीला प्रश्न विचारायला दुकानदार लागला.

त्या आठ दिवसांत प्रोजेक्ट उलटापालटा केला. आधी मी फक्त ओळखीच्या घरात फॉर्म भरून आणले होते; आता सखल भागात भाड्यानं राहणाऱ्या बाहेरगावच्या कामगारांकडे गेलो. बेळगावचा कानडीत बोलला, आणि माझ्याशी कधी न बोलणारी माणसं त्याच्याशी घडाघडा बोलली. तिथंही तोच प्रश्न: 43 फूट म्हणजे कुठं? केरळच्यानं तुमच्या फूटपट्टीचंच चित्र काढलं. शिफारस तिनं लिहिली: नुसता आकडा नको, कितीला पाणी कुठल्या गल्लीत शिरतं ते सांगा, आणि हिंदी-कानडीतही सांगा. मी पानं नंबर केली. तीही दोनदा चुकली.

दुसऱ्या बायंडिंगचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते गल्ल्याखाली सरकवून आलोय, बघा.

आणि हो, परवा तिचा इंफाळहून फोन आला होता. हॅलो नाही, काही नाही. थेट, "भावा, पाणी किती फुटावर हाय?"

तुमचा,
मागच्या गल्लीतला लीडर