रॅकवर वाळत घातलेला जॅझ

प्रिय शेजारी काका,

तुम्हाला नावाने हाक मारायला मला दोन वर्षं लागली आणि अजूनही जीभ अडखळते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला नुसतं नावाने बोलावलं असतं तर आमच्या आईने कान उपटला असता. तेव्हा इथे, माझ्या भाषेत, काकाच म्हणतो. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही 'यू बेट' म्हणता आणि कुत्र्याला घेऊन फिरायला निघता. हे पत्र तुमची नात फोनवर भाषांतर करून वाचून दाखवील. यंत्राने काही भलतंसलतं लिहिलं तर दोष माझा नव्हे.

गोष्ट २०२३च्या उन्हाळ्यातली, आपल्या कॅन्सस सिटीतली. रात्रभर धो धो पाऊस, बेसमेंटमधला पाणी उपसायचा पंप बंद पडलेला, आणि सकाळी जिना उतरलो तर घोटाभर पाणी. खालच्या कप्प्यातल्या दीडशेएक रेकॉर्डी भिजून चिंब. बायको म्हणाली, आधी विमावाल्यांना फोन कर. मी तुम्हाला केला.

दहा मिनिटांत तुम्ही दारात होतात. भांडी वाळवायचे दोन रॅक, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, जुने टॉवेल. "कव्हरांचं विसर, आधी तबकड्या बाहेर काढ," हे तुमचं पहिलं वाक्य. पुठ्ठा वाळताना आतल्या कागदाला चिकटतो, मग बुरशी धरते. तबकडीला मात्र पाण्याने काही होत नाही, हे तुम्ही हात चालवता चालवताच सांगितलंत. नळाचं पाणी का नको, तर ते वाळलं की त्यातले क्षार खाचांमध्ये राहतात आणि मग जन्मभर खरखर. मी मोठ्या हुशारीने स्पिरिटची बाटली घेऊन मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांकडे वळलो, तेव्हा तुम्ही ती हातातून अक्षरशः हिसकावलीत. त्या लाखेच्या, स्पिरिटने लाख विरघळते. त्यांत जे मक्शॅनच्या जॅझ बँडची १९४१ची एक होती, त्यातला सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर जेमतेम विशीचा असतानाची. याच गावात वाढलेल्या पोराची तबकडी याच गावात मी धुऊन नाहीशी केली असती.

दुपारी तुम्ही ड्रायरवर रेडिओ ठेवलात. रॉयल्सची, म्हणजे इथल्या बेसबॉल संघाची मॅच. त्या मोसमात ते १६२पैकी १०६ सामने हरले, त्यामुळे कुणी उत्कंठेने ऐकत असेल असं नाही. १९६९पासून याच संघाचं वर्णन करणारे डेनी मॅथ्यूज आपल्या संथ सुरात बोलत होते. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, दर पाच मिनिटांनी 'स्कोअर काय?' विचारायचो. तुम्ही म्हणालात, "स्कोअर पेपरात येईल. आवाज ऐक." आणि मग बक ओनील यांची गोष्ट सांगितलीत. मोनार्क्स या इथल्या कृष्णवर्णीयांच्या बेसबॉल संघाकडून खेळलेले, पुढे त्याच संघाचे मॅनेजर झालेले ओनील सांगत, की बॅटवर चेंडू बसल्याचा एक खास आवाज त्यांनी आयुष्यात तीनदाच ऐकला: एकदा बेब रूथचा, मग जॉश गिब्सनचा, आणि कितीतरी वर्षांनी बो जॅक्सनचा. मी हातातली तबकडी धरून तसाच उभा राहिलो होतो. पाणी टपकतंय, म्हणून तुम्ही ओरडलात.

खरं तर हे नुसतं ऐकणं तुम्ही त्याआधीही शिकवू पाहत होतात. मी नवाच नाद लागलेला, ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीची एक जुनी तबकडी मिरवायला तुमच्याकडे आणली होती. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांचा शिक्का, आणि शेजारी ती संग्राहक ज्याला 'कान' म्हणतात ती खूण. खरं तर ते तबकड्या छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याचं वळणदार पी अक्षर. किंमत मी दोनदा सांगितली असावी. तुम्ही भिंग बाजूला सारलंत, तबकडी लावलीत आणि बटाटे सोलायला बसलात. पहिली बाजू संपली, तुम्ही हात पुसून उलटी केलीत, पुन्हा बटाटे. मला तेव्हा रागच आला होता. एवढ्या महागाच्या वस्तूसमोर बटाट्याची सालं! आता माझ्याकडेही भाजी चिरताना काउंट बेसीचा जॅझ वाजतो. रविवारी टीव्हीवर मॅच असते, तिचा आवाज बंद असतो.

एटीन्थ अँड व्हाइनला, इथल्या जुन्या जॅझच्या वस्तीत, तुम्हीच नेलंत. एकाच इमारतीत जॅझचं संग्रहालय आणि निग्रो लीग बेसबॉलचंही, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या त्या काळच्या वेगळ्या लीगचं. १९२०मध्ये तिथून जवळच, पासेओ रस्त्यावरच्या वायएमसीएमध्ये ती लीग स्थापन झाली. मला वाटलं होतं, जागेच्या टंचाईमुळे दोन्ही एकत्र कोंबलीत. तुम्ही हसलात आणि गाडीत बसल्यावर १९६५ची मॅच सांगितलीत: एकोणसाठ वर्षांचा, निग्रो लीग गाजवलेला पिचर (चेंडू टाकणारा) सॅचेल पेज, बुलपेनमध्ये, म्हणजे पिचर तयारी करतात त्या जागेत, त्याची झुलती खुर्ची, बाजूला नर्स. तमाशाच तो, पण म्हाताऱ्याने तीन इनिंग टाकल्या आणि फक्त एक हिट दिला. तुम्ही स्टँडमध्ये होतात, एकवीस वर्षांचे. दरवेळी सांगताना त्या खुर्चीचा करकर आवाज काढता. तो तुम्हाला एवढ्या लांबून ऐकू आला असेल यावर माझा विश्वास नाही, पण काढत जा.

बेसमेंटचं सांगायचं तर, अकरा रेकॉर्डी गेल्या आणि चाळीसएक कव्हरं. ज्या वाचल्या त्या साध्या पांढऱ्या पाकिटांत आहेत, तुमच्या पेन्सिलीच्या अक्षरांतली नावं घेऊन. परवा एक काढली, तर नावाखाली त्या दिवसाच्या मॅचचा शेवटचा स्कोअर लिहिलेला दिसला. पेपरात येईल म्हणाला होतात ना?

तुमचा एक रॅक अजून आमच्याकडेच आहे. बायको त्यावर रोज कपबश्या वाळवते, त्यामुळे परत मिळेल अशी आशा ठेवू नका. रविवारी दुपारी एकची मॅच आहे. चहा मी करतो, रेडिओ तुम्ही आणा.

तुमचा,
पलीकडच्या घरातला