नॅकचे निकष बदलताय तर आधी विचारा, शिकवायला माणूस आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या शनिवारी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कॉलेजात नॅकच्या बदलत्या निकषांवर एक दिवसाचं वर्कशॉप होतं, तिथं जाऊन आले आणि तेव्हापासून मनात जे चाललंय ते तुमच्या पेपरातून चार लोकांपर्यंत जावं म्हणून लिहितेय. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, सतरा वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं कामही माझ्याकडेच आहे.

ज्यांच्या घरात कोणी कॉलेजात नोकरीला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नॅक ही कॉलेजांचा दर्जा तपासणारी, यूजीसीनं म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं १९९४ साली काढलेली संस्था, ऑफिस बंगळुरूला. कॉलेजनं सात क्रायटेरियाची माहिती पुराव्यासकट भरायची, मग ४ पैकी सीजीपीए, म्हणजे सरासरी गुण मिळतात, ३.५१ किंवा वर असेल तर ए प्लस प्लस, आणि दीड किंवा त्याच्या खाली असेल तर मान्यताच नाही. कॉलेजच्या गेटवर मोठमोठे बोर्ड दिसतात ते या ग्रेडचे. आता ही ग्रेडच जाणार आहे. इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या समितीनं सुचवल्याप्रमाणे जानेवारी २०२४ मध्ये नॅकनं जाहीर केलं की आधी फक्त मान्यता आहे की नाही एवढंच ठरणार, म्हणजे बायनरी, आणि ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी लेव्हल १ ते ५. बायनरी चार महिन्यांत सुरू होईल असं तेव्हा सांगितलं होतं, ते लांबत गेलं, आणि मधल्या काळात आमच्यासारख्या कॉलेजांना कळेना की जुन्या नमुन्यात भरायचं की नव्याची वाट बघायची.

ग्रेड जाणार याचा मला मनापासून आनंद आहे. ३.२५ ला ए आणि ३.२६ ला ए प्लस, एवढ्याशा फरकासाठी कॉलेजं जिवाचं रान करायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या प्रकरणात सीबीआयनं नॅकच्या पाहणी समितीतल्या लोकांनाच अटक केली तेव्हा प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कॉलेजांकडंही लोक संशयानं बघायला लागले, त्याचं दुःख आम्हाला झालंय.

पण वर्कशॉपमध्ये काय झालं बघा. दीपप्रज्वलन झालं, फोटो काढला, आणि मग लक्षात आलं की फोटोवर लोकेशन आलेलंच नाही, म्हणून पाहुण्यांना परत समईजवळ बोलावून दुसऱ्यांदा फोटो. त्यात चूक कोणाची नाही, जिओटॅग नसेल तर पुरावा धरत नाहीत हे सगळ्यांना पाठ झालंय. नंतरची चार सेशन्स पुराव्यावरच गेली, कुठलं पत्र, कुठली सही, पीडीएफ किती एमबीची. दुपारनंतर मागून एक तरुण सर उठले, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काम करतात. ते म्हणाले, "सर, आमच्या विभागात कायम शिक्षक एकही नाही, दोन वर्षं मी एकटाच आहे आणि माझीही ऑर्डर दरवर्षी संपते, तर विद्यार्थ्यांचा मेंटॉर म्हणून कोणाचं नाव टाकायचं?" हॉल एकदम शांत झाला. साधनव्यक्ती चांगले गृहस्थ होते, ते क्षणभर थांबले, म्हणाले हा प्रश्न मॅनेजमेंटच्या पातळीवरचा आहे, आणि पुढची स्लाइड आली.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. मंजूर जागांपैकी किती भरल्यात हा मुद्दा नॅकच्या नमुन्यात आजही आहे, नाही असं नाही, पण तो बाकी कित्येक मुद्द्यांतला एक, तिथं गेलेले मार्क दुसरीकडं कार्यक्रम घेऊन भरून काढता येतात. बायनरीत मान्यतेचा उंबरठा ठरवताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. आणि त्यात एक मोठी अडचण आहे तीही लिहिते. अनुदानित कॉलेजात जागा भरायला सरकारची परवानगी लागते, ती वर्षानुवर्षं येत नाही, मग मान्यता नाकारली तर शिक्षा कॉलेजला आणि शेवटी पोरांनाच. म्हणून नॅकच्या अहवालात जागा किती रिकाम्या, कधीपासून, आणि कोणाकडं अडकल्यात हे स्पष्ट छापून ते पालकांना वाचायला मिळावं. एवढं झालं तरी खूप आहे.

नॅकनं काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. मागच्या सायकलच्या, म्हणजे नॅकच्या मागच्या तपासणीच्या वेळी आमच्याकडं रॅम्प झाला, मुलींसाठी चांगली खोली आणि स्वच्छतागृह झालं, लायब्ररी कॉम्प्युटरवर आली. नॅक येणार नसतं तर हे झालं नसतं.

पण त्याची किंमत कशी चुकते तेही सांगते. परवा डिसेंबरातली गोष्ट, एक्यूएआर, म्हणजे नॅकला दरवर्षी द्यायचा गुणवत्ता अहवाल भरायची घाई, मी सर्टिफिकेटं स्कॅन करत बसलेले आणि दारात एक सेकंड इयरची मुलगी, हातात वही, "मॅडम, येऊ का? टायट्रेशनचं रीडिंग जुळत नाहीये." तिची एसटी साडेचारची. मी म्हटलं उद्या ये. दुसऱ्या दिवशीही माझं अपलोडिंगच चाललं होतं. ती तिसऱ्यांदा आली नाही, आणि प्रॅक्टिकल परीक्षेत त्याच प्रयोगाला अडली. हे मला विसरता येत नाही.

विद्यार्थी किती, शिक्षक किती, पुस्तकं किती, हीच माहिती आम्ही एआयएसएचईला, म्हणजे केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला देतो, एक्यूएआरमध्ये देतो, काही कॉलेजं एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या रँकिंगला देतात, विद्यापीठ वेगळी मागतं, आणि प्रत्येकाचा नमुना वेगळा. नव्या रचनेत 'वन नेशन वन डेटा' म्हणून एकच पोर्टल येणार म्हणतात. ते खरंच आलं आणि एकदा भरलेलं परत मागितलं नाही तर माझ्यासारख्या कितीतरी जणींचे तास वर्गात परत येतील. ते आधी सुरू करा, लेव्हलचं नंतर बघू.

वर्कशॉप संपताना फीडबॅक फॉर्म भरून घेतला. 'सूचना' या रकान्यात मी हे लिहायला घेतलं होतं, पण तिथं दोनच ओळींची जागा होती, म्हणून हे पत्र.

आपली,
एक प्राध्यापिका, मराठवाडा