तिकीट पुढे ढकललंय, रागावू नका

अ‍ॅडलेड, ९ फेब्रुवारी २०२०

ती. आई आणि ती. अण्णा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर आई मध्येच रडली असती आणि अण्णांनी ‘रेंज जातीय’ म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. पाडव्याला येत नाही. तिकीट बदलून झालंय, आता २४ एप्रिलला निघते, अक्षय्य तृतीयेला घरी. वर्षाची चार आठवड्यांची रजा मिळते, ती कांगारू बेटावर कुंपण घालायला जाणार आहे. एप्रिलची रजा बिनपगारी घेतलीय. पैशाची ओढाताण नाही, तो हिशेब अण्णांनी करत बसू नये.

बेट इथून लांब नाही. दोन तासांच्या आत गाडीनं केप जर्विस, तिथून पाऊण तास बोट. आणि आई, आग आता विझलेली आहे. २० डिसेंबरला विजा पडून लागली, ३ जानेवारीला वाऱ्यानं हाताबाहेर गेली, जवळपास निम्मं बेट जळालं. आता तिथे राख, मेलेली झाडं आणि उघडी राहिलेली मेंढरं आहेत.

अण्णा, तुम्ही म्हणाल, घरं जळालेली असताना कुंपणाचं काय कौतुक? पण मेंढपाळाचं कुंपण गेलं की वाचलेली मेंढरंही राहत नाहीत. ती रस्त्यावर येतात, गाडीखाली जातात, शेजाऱ्याच्या रानात मिसळतात. उरलंसुरलं गवत पाळीपाळीनं चारता येत नाही आणि नर वेगळे ठेवता येत नाहीत. मग जगलेली जनावरंही पडत्या भावानं विकावी लागतात. म्हणून रस्त्याकडेची आणि बांधाची कुंपणं आधी, आतली नंतर. एकटा शेतकरी वर्ष काढेल एवढं काम असतं, आणि त्याला तेव्हाच गवत आणायचं, मेलेली जनावरं पुरायची आणि विम्याचे कागदही भरायचे असतात.

हे काम ब्लेझएड नावाची संस्था करते. २००९ च्या ७ फेब्रुवारीला शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसं गेली त्या आगीत केविन आणि रोंडा बटलर या शेतकरी जोडप्याची कुंपणं जळाली. मेंढरं बाहेर पडायच्या आत ती उभी करायला माणसं धावून आली. आपलं झाल्यावर ते शेजाऱ्याकडे गेले आणि त्यातून संस्था उभी राहिली. रीत साधी आहे: खांब आणि तार शेतकऱ्याची, हात आणि हत्यारं आपली. मजुरी घेत नाहीत. पाच-सहा जणांची टोळी, एक मुकादम, एक गाडी. सकाळचा नाश्ता, दुपारचा डबा, रात्रीचं जेवण तळावर. बहुतेक जण निवृत्त झालेले, तुमच्याच वयाचे, आपापली फिरती घरं घेऊन आलेले. (हे वाचून अण्णांनी द्राक्षाच्या मांडवावर चढायचं नाही. गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे.)

कामाचं सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. पहिले काही दिवस नुसती मोडतोड. जळालेली तार बघायला धड दिसते, पण आगीत तिचं जस्त उडालेलं असतं. वाकवली की तुटते, नाही तुटली तर लवकर गंजते. म्हणून ती काढायचीच. ताणलेली तार पक्कडीनं तोडताना सापासारखी उलटते, त्यामुळे आधी ताण सोडायचा, चष्मा घालायचा आणि तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही. लाकडी खांब कीड लागू नये म्हणून तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेले असतात. ते विझले तरी आतून धुमसत राहतात, आणि त्यांची राख विषारी. जनावरं ती खारट समजून चाटतात आणि मरतात. आम्ही ती उघड्या हातानं उचलत नाही. मास्क, हातमोजे आणि वरून फेकून द्यायचा अंगरखा घालतो. जेवायच्या आधी हात-तोंड धुतो, कामाचे कपडे वेगळे धुतो. मी हातमोज्यांचे तीन जोड घेतलेत.

खरी भीती झाडांची. उभी दिसणारी झाडं आतून पोकळ झालेली असतात, वारा नसतानाही फांदी येते. मुळं जमिनीखाली जळून गेलेली असतात, तिथे पाय दिला तर गुडघ्यापर्यंत खड्डा. जाणत्यानं झाडं बघून खूण केल्याशिवाय टोळी त्या कडेला जात नाही. सापांसाठी पोटरीपर्यंतचं जाड कापड. ज्या दिवशी आगीची मनाई असते, त्या दिवशी ठिणगी उडेल असं कोणतंही यंत्र चालवत नाहीत.

मग उभारणी, आणि हे अण्णांना वाचून दाखव आई, चष्मा नसला तर. सगळा जोर कोपऱ्याच्या खांबावर. तो मीटरभर खोल जातो, त्याला आतल्या अंगानं तिरका टेकू. तुम्ही नाही का म्हणत, कडेचा ताण हलला की पूर्ण मांडव झोपतो? इथेही तेच. कोपरा दोन बोटं पुढे आला की अख्खी ओळ सैल. दोन कोपऱ्यांमध्ये आधी एकच तार ताणायची, तीच सरळ रेषेची दोरी. तिच्या कडेनं वाय आकाराचे लोखंडी खांब साधारण पाच-पाच मीटरवर ठोकायचे. सपाटीला हे सोपं, पण ओढ्याच्या खोलगट जागी ताणलेली तार खांबालाच वर उपटते. तिथे खाली जड वस्तू बांधून तो धरावा लागतो. मग आठ आडव्या तारांची, ९० सेंटीमीटर उंचीची जाळी उलगडायची, बारीक घरं खाली, म्हणजे कोकरू निसटत नाही. जाळीच्या तारेला मुद्दाम लहान लाटा दिलेल्या असतात. ओढताना त्या निम्म्या सपाट झाल्या की थांबायचं. नवखा माणूस हौसेनं सरळ होईपर्यंत ओढतो, मग थंडीत तार आखडायला जागा उरत नाही आणि एक तर ती तुटते नाही तर कोपरा निघतो. तुमच्या मांडवाच्या तारांना हिवाळ्यात ‘गार पडली की कुरकुरते’ म्हणायचात, ते आठवतंय.

आणखी एक गोष्ट शिकवतात, ती मला अवघड जाणार आहे. शेतकऱ्याला आगीबद्दल विचारायचं नाही. त्यानं आपणहून सुरू केलं तर हातातलं काम खाली ठेवून ऐकायचं. म्हणून दुपारचा चहा मुद्दाम त्याच्याबरोबर घेतात. अण्णा, ऑगस्टच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी आले नाही. नंतर तुम्ही बोलायचे कमी झालात, आणि मी दर फोनला विचारत राहिले, ‘नुकसान किती झालं, पंचनामा झाला का?’ आपल्या माजघरातला चिखल कुठल्या कुठल्या गावच्या पोरांनी काढला, त्यांची नावंही तुम्हाला ठाऊक नाहीत. ही परतफेड वगैरे नाही, उगाच मोठं काही नाही. पण मला हे करायचंय, आणि तुम्ही ते समजून घ्याल असं वाटतं. वाईट वाटलं असेल तर आल्यावर मांडीवर डोकं ठेवून माफी मागेन, लहानपणी मागायचे तशी. कान धरून.

जेवणाची काळजी करू नको, आई. मी मांस खात नाही हे कळवलंय, भाज्या-पाव मिळतो. तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेतेय. मध मात्र नेता येत नाही, बेटावर बाहेरचा मध आणायला बंदी आहे. तिथल्या लिग्युरियन (मूळ इटलीच्या) मधमाश्यांना रोग लागू नये म्हणून १८८५ पासून बेट त्यांच्यासाठी राखीव ठेवलंय. अण्णांना ही गोष्ट आवडेल.

आता तुम्ही काय करायचं ते. अण्णा, बीपीची गोळी सकाळी, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून टाळायची नाही. औषध मारायला गडी लावा, पाठीवर पंप घ्यायचा नाही. आई, रात्री अंगणात जाताना बॅटरी घे, ती ओली पायरी अजून बदललेली नाही. दोघांचं रक्त तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, ‘नॉर्मल आहे’ असं तोंडी चालणार नाही. रानात असले की फोन लागणार नाही, मी रोज रात्री करेन.

आणि हापूसची पेटी मी यायच्या आधी फोडायची नाही. फोडलीच तर निदान सहा आंबे पिंपात ठेवा.

तुमची,
बाळी