धामणीच्या कमठ्याला गेलेला तडा

नागपूर,
१४ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोळ्याच्या दिवशी आले आणि आता आंबिया बहाराची संत्री संपत आली, तरी मी उत्तर दिले नाही. प्रकृती सर्वांच्या ठीक आहेत. आईचे गुडघे दुखतात तसेच दुखतात आणि माझ्या साखरेविषयी बोलण्यासारखे काही नाही.

गप्प राहिलो तो आळसामुळे नव्हे, लाजेमुळे. कमठ्यासाठी, म्हणजे धनुष्यासाठी, कुरखेड्याहून आपण दोघांनी एसटीच्या टपावर टाकून आणलेला धामणीच्या लाकडाचा दांडा तू नाशिकला गेल्यापासून माळ्यावर वाळत होता आणि तू आल्याशिवाय त्याला हात लावणार नाही, असा शब्द मी दिला होता. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी घरात कात्री आणि पटाशीखेरीज काही सापडेना, तेव्हा तो शब्द मी मोडला.

पंधरा दिवस काम फार सुरेख चालले. दोन्ही भुजा सारख्या वाकू लागल्या, दोरी १८ इंचांपर्यंत येऊ लागली, आणि एका संध्याकाळी वरच्या भुजेतून अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. पाहतो तर गाठीच्या कडेने पाठीवरचे, म्हणजे ओढणाऱ्यापासून दूरच्या बाजूचे, तंतू उचलले गेले होते आणि ४ इंचांची तिरपी चीर कडेकडे निघाली होती. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. ओढताना सगळा ताण पाठीवर येतो, म्हणून तिथले तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राखायचे असतात. मी मात्र गाठीवरचा उंचवटा नीटनेटका दिसावा म्हणून काचेच्या तुकड्याने खरवडून काढला होता.

आता तुला अंबाझरीच्या काठचा तो बांबूचा कमठा आठवला असेल. तू तो जास्त ओढलास म्हणून मोडला, असे मी इतकी वर्षे चारचौघांत सांगत आलो, तुझ्या लग्नाच्या पंगतीतही सांगितले. खरे असे आहे की बांबूची सारी ताकद त्याच्या बाहेरच्या सालीत असते आणि ती साल गुळगुळीत करण्याच्या नादात मीच सोलली होती. चाकू माझ्या हातात होता. (हे वाचून तू वहिनींना मोठ्याने वाचून दाखवशील, हे मला ठाऊक आहे.)

मग दुरुस्तीला लागलो. सरस दुहेरी भांड्यात पातळ केला. तो उकळला की त्याची पकड जाते, म्हणून बोट जेमतेम टिकेल इतकाच तापवला. गार लाकडावर तो लगेच थिजतो, म्हणून आधी भुजा शेगडीवर शेकली, हलकेच वाकवून चिरेचे तोंड उघडले आणि सरस आत पाझरेपर्यंत बोटाने दाबत राहिलो. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून आठवडाभर तिच्याकडे पाहिलेदेखील नाही. ओळखीचे सुतार म्हणाले, नवा दांडा घ्या. त्यांना काय सांगणार?

पाठीवर चढवण्यासाठी मोमिनपुऱ्यातून म्हशीच्या मागच्या पायांच्या नसा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, आणल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या त्या पिवळ्या काड्या म्हणजे पिंजाऱ्याच्या धनुकलीची तांत आहे, असे मी आईला सांगितले. तांत आतड्याची असते, हे तिला माहीत नसावे. वाळल्यावर लाकडी ठोकळ्याने ठेचून त्यांचे सुतासारखे तंतू काढले, कोमट पाण्यात भिजवून पिळले, सरसात बुडवले आणि विटांचे सांधे चुकवावेत तसे एकाआड एक लांबीने बसवले. असे दोन थर झाले, आणि चिरेवर आडवे वेढे वेगळे दिले. वाळताना नसा आक्रसतात. आज कमठा उलट्या दिशेने दोन बोटे वाकला आहे.

माझी काळजी इथेच आहे. सरसाने चीर भरली, तरी तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. नसा लाकडापेक्षा पुष्कळ ताणल्या जातात आणि परत येतात, हे खरे. पण तिथली भुजा जरा जास्त वाकली तर बिजागरी होईल. म्हणून चिरेपाशी कानस न लावता तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूने, उतरवले. ४५ पौंडांच्या ओढीचा बेत होता, ३५ भरला तरी पेढे वाटीन. तू मला इशीचे उदाहरण देशील. १९११ साली कॅलिफोर्नियाच्या रानातून बाहेर आलेला तो ‘याही’ जमातीचा माणूस जुनिपरच्या धनुष्यावर अशाच नसा चढवीत असे, पण ते लाकूड फुटू नये म्हणून, फुटलेले झाकण्यासाठी नव्हे. माझी चीर आता कोणालाही दिसत नाही आणि नेमके तेच मला खटकते. रात्री उठून अंगठ्याने ती जागा चाचपतो. वेढ्यांखाली काही लागत नाही, तरी अंगठा तिथेच थांबतो.

तुझ्या बढतीचे कळले, अभिनंदन. चिन्मयीची दहावी यंदा की पुढच्या वर्षी? घराचे काय झाले, ते कळव.

थर जानेवारीअखेरपर्यंत वाळेल. नागपूरची कोरडी थंडी सध्या माझ्या बाजूने आहे. तोवर दोरी चढवणार नाही. फेब्रुवारीत दोन दिवस काढून ये. दोरी मी चढवीन, पहिल्यांदा ओढायची मात्र तू. मोडलाच, तर या वेळी चाकू कोणाच्या हातात होता, हे आधीच लेखी दिले आहे.

तुझा,
वसंत