‘चार्ज’ सगळीकडे एकच कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजी क्रियापदांच्या ऐसपैसपणाचे कौतुक करणारा लेख वाचला. ऑक्सफर्डच्या शब्दकोशकारांनी एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले, हे खरेच आहे. पण ‘मराठीत ही सोय नाही’ हा लेखाचा सूर काही पटला नाही. ही सोय कुठे आणि कशी नडते, ते नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांना विचारावे. आमचा अनुभव ‘रन’चा नाही, ‘चार्ज’चा आहे.

विजेच्या ‘चार्ज’ला पाठ्यपुस्तकात ‘प्रभार’ म्हणतात. वर्गात विचारून पाहावे : फुल चार्ज झालेला मोबाइल धनप्रभारित असतो की ऋणप्रभारित? निम्मी मुले ‘धन’ म्हणतात, बरीचशी ‘ऋण’. ‘दोन्ही नाही’ म्हणणारा एखादाच निघतो आणि बरोबर तोच असतो. चार्जर बॅटरीच्या एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन काढतो, तितकेच दुसऱ्या टोकाला पोचवतो. आत लिथियमचे आयन एका बाजूच्या ऑक्साइडमधून निघतात आणि दुसऱ्या बाजूच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. साठते ती रासायनिक ऊर्जा. विद्युतप्रभाराची बेरीज आधीही शून्य, नंतरही शून्य. गोंधळात भर म्हणून खोक्यावर ‘5000 एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) छापलेले असते. हे एकक प्रभाराचेच, हिशेब केला तर 18,000 कूलोम (प्रभार मोजण्याचे प्रमाण एकक) होतात. पण हा तारेतून वाहून गेलेला प्रभार आहे, फोनमध्ये साचलेला नव्हे. दोन ठिकाणी एकेक कूलोम प्रभार मीटरभर अंतरावर ठेवला, तरी त्यांच्यात सुमारे नऊ अब्ज न्यूटन बल लागते, म्हणजे नऊ लाख टन वजनाइतके. अठरा हजार कूलोम खिशात घालून कोणी एसटीत चढलाच, तर कंडक्टरला तिकिटाची चिंता उरणार नाही.

गंमत अशी की हा घोटाळा मोबाइलच्याही फार आधीचा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकन संशोधक बेंजामिन फ्रँकलिन वीज साठवणाऱ्या लायडन बरणीवर प्रयोग करत होता. काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचे अस्तर, असा तो प्रकार. बरणी ‘चार्ज’ केली म्हणून तिच्यातली एकूण वीज वाढत नाही, एका अस्तरावर जितकी चढते तितकीच दुसऱ्यावरून उतरते, हे त्याने ओळखले. लंडनचा विज्ञानप्रेमी व्यापारी पीटर कॉलिन्सन याला पाठवलेल्या पत्रात त्याने साफ सांगून टाकले की चार्ज-डिस्चार्ज हे शब्द आपण रूढी म्हणून आणि दुसरे बरे शब्द नाहीत म्हणून वापरतो. म्हणजे ज्याच्यामुळे विजेला धन-ऋण ही नावे मिळाली, त्यालाच हा शब्द नडत होता. तरीही तो टिकला.

तो टिकला, कारण मुळात शब्द गाडीचा. लॅटिनमध्ये गाडीला ‘कारुस’ म्हणत, त्यावरून गाडीत माल भरणे, आणि तिथून ‘चार्ज’. तोफेत दारू भरा, लोखंडाच्या भट्टीत खनिज आणि कोक भरा, कुणाच्या माथी गुन्हा मारा, कुणाच्या गळ्यात जबाबदारी घाला, गिऱ्हाइकाच्या नावे खर्च टाका : सगळीकडे तीच गाडी. घोडदळाचा ‘चार्ज’ही याच शब्दाचा, आणि त्याच्याशी नाते सांगणारा ‘लाठीचार्ज’ तर आपल्याच देशात जन्मला.

मराठीने यातले प्रत्येक काम वेगळ्या शब्दाकडे सोपवले होते. बंदूक ठासायची, सुरुंगाचा बार भरायचा, शत्रूवर एल्गार करायचा. कचेरीत पदभार घ्यायचा, वीजबिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार भरायचे, वर अधिभार. यातला ‘भार’ पाहिला की आपल्याकडेही तीच लादलेली गाडी आली होती हे लक्षात येते. आपण फक्त वाटेत माल वेगवेगळ्या ठिकाणी उतरवला. पाठ्यपुस्तकातला ‘प्रभार’ मात्र मला थोडा खटकतो. शाळेत मुख्याध्यापक ‘प्रभारी’, पुढच्या तासाला इलेक्ट्रॉन ‘ऋणप्रभारित’. मुले हसतात आणि त्यांचे काही चुकत नाही.

फ्रिज दुरुस्त करणारा ‘गॅस चार्ज करावा लागेल’ म्हणतो, चहा घेतल्यावर मित्र ‘चार्ज झालो’ म्हणतो, ते म्हणू देत. त्यात कुणाचे बिघडत नाही. आक्षेप आहे तो बातम्यांना. न्यायालयीन बातम्यांत इंग्रजी मजकुरातला ‘चार्ज्ड’ दिसला की सरसकट ‘आरोप ठेवला’ छापले जाते, आपल्याही अंकात. टप्पे मात्र तीन आहेत. पोलिसांनी गुन्हा दाखल करणे हा पहिला. तपास संपल्यावर पोलिसांनी न्यायालयात आरोपपत्र देणे हा दुसरा; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 173 खाली ते होई, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली होते. (नव्या संहितेत कलम 173 हे गुन्ह्याच्या पहिल्या खबरीचे आहे, त्यामुळे जुन्या सवयीने आकडा लिहिणाराही फसतो.) तिसऱ्या टप्प्यात न्यायाधीश स्वतः कागदपत्रे पाहून आरोप निश्चित करतात, नाहीतर आरोपीला तिथेच दोषमुक्त करतात. इंग्रजीत या दोषमुक्तीलाही ‘डिस्चार्ज’च म्हणतात.

ज्याच्यावर नुसता गुन्हा दाखल झाला आहे आणि ज्याच्यावर न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत, ती दोन माणसे एका ओळीत बसवता येत नाहीत. गावात नाव छापून आले की शेजारी संहिता उघडून बघत नाहीत, ‘आरोप ठेवला’ एवढेच वाचतात. ‘गुन्हा दाखल’, ‘आरोपपत्र सादर’ आणि ‘आरोप निश्चित’ हे तिन्ही शब्दप्रयोग मराठीत तयार आहेत, वकिलांच्या आणि पोलिसांच्या तोंडी आहेत. बातमी ज्या टप्प्याची असेल तोच शब्द आपल्या वार्ताहरांनी वापरावा, इतकी विनंती आहे.

कळावे,
एक विज्ञान शिक्षक, मिरज