पस्तिसावी पट्टी

प्रिय आजोबा,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मराठीचं एक अक्षर कळत नाही, ठाऊक आहे. माझं वाद्य दुरुस्त केलंत म्हणून इंग्रजीत थँक यू म्हणून झालं, तर तुम्ही हात झटकून चहा मागितलात. माझं मन काही भरलं नाही, म्हणून हे चारचौघांत.

माझी मेलोट्रॉन एम४००, घरच्यांच्या भाषेत टेपपेटी: पट्टी दाबली की आतल्या टेपवर मुद्रित केलेला खऱ्या वाद्याचा सूर वाजतो. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या सुरुवातीची बासरी कानात घेऊन मी ती आणली. माझी बासरी निघाली कोरडी, काही पट्ट्यांवर तर सर्दी झाल्यासारखी. आधीच्या दुकानदाराने दोन महिने पेटी ठेवून घेतली, बिल लावलं आणि वर ऐकवलं, "जुनी डबडी अशीच वाजायची." मागचं झाकण उघडलं होतं की नाही, देव जाणे. स्क्रूंवरची धूळ तशीच होती.

तुम्ही आधी मला वाजवायला लावलंत. मग हसलात. १९६७च्या त्या गाण्यात मार्क टू आहे, मेलोट्रॉनचंच आधीचं मॉडेल. तिच्या पोटातच स्पीकर आणि आवाजाला घुमारा देणारा स्प्रिंगचा रिव्हर्ब. १९७०च्या एम४००मध्ये दोन्ही नाहीत, टेपवरचा आवाज तसाच उघडा बाहेर येतो. एम३०० या मॉडेलची तर टेपच पाव इंची, माझी ३/८. बर्मिंगहॅमकडच्याच या सगळ्या बहिणी, पण गळा प्रत्येकीचा वेगळा. आपल्याकडच्या पेटीवाल्यांना हे सांगावं लागणार नाही; मला मात्र लागलं.

सर्दी मात्र खरी होती. पट्टी दाबली की फेल्टचा छोटा पॅड टेपला हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, टेकवतो. तो सैल पडला की आवाजाची धार जाते. टेप सरकवणारं रबरी चाक सैल पडलं की टेप घसरते, सूर डगमगतो. तुम्ही एकेक पट्टी लावत गेलात, चौतीस झाल्या. पस्तिसावीपाशी थांबलात, स्क्रू ड्रायव्हर बाहीला पुसलात आणि माझ्या हातात दिलात.

मी जरा जास्तच पिळला. तुम्ही हात पाठीशी बांधून उभे. नुसती मान हलवलीत. मी पाव फेरा सैल केला. आणि वरचा एफ आला, स्वच्छ! आठेक सेकंद. मग टेप संपली, स्प्रिंगने ती खटकन मागे ओढली.

हातचं राखून शिकवणारे उस्ताद मी पुष्कळ पाहिलेत. विद्या देताना अवजारही हातात ठेवणारे तुम्हीच.

परवा मधली एक पट्टी पुन्हा खोकली. झाकण मीच उघडलं.