परतीचा पाऊस आणि डांबरावरची काळी माती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एसटीच्या स्टेअरिंगवर एकतीस वर्षं काढली, त्यामुळं पाऊस मला नवा नाही. पण आषाढातला पाऊस वेगळा आणि हत्ती-चित्रा नक्षत्रांतला, म्हणजे परतीचा, वेगळा, हे आमच्या शिरोळ तालुक्यातले गाडीवाले ध्यानात घेत नाहीत.

आषाढात झड लागते, रस्ता धुऊन निघतो. परतीचा पाऊस दुपारपर्यंत ऊन तापवतो, चारला ढग आणतो आणि तिन्हीसांजेला अर्धा तास ओतून मोकळा होतो. आठ-दहा दिवसांची धूळ, सांडलेलं ऑइल, त्यावर पहिली सर पडली की रस्त्याचा साबण होतो. त्यात सोयाबीन निघालेलं, उसाच्या लावणीसाठी नांगरट सुरू. ओल्या रानातून ट्रॅक्टर डांबरावर आला की चाकांत बसलेली काळी माती शे-दोनशे फूट गळत जाते. उन्हात ती दिसते, पावसात डांबराच्याच रंगाची होते.

गेल्या ऑक्टोबरात कुरुंदवाडहून शिरोळला निघालो होतो, मोपेडवर मागं मंडळी. वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि दोघंही आडवे. वेग वळणाआधी उतरवायचा, वळताना ब्रेकला हात लावायचा नाही, हे नव्या पोरांना मीच शिकवत आलो! मंडळींचं मनगट मोडलं, दिवाळीच्या चकल्या शेजारणीनं पाडून दिल्या. दुसऱ्या दिवशी तावातावानं बघायला गेलो, तर माती आमच्याच रानातली. पाऊस यायच्या आत नांगर बाहेर काढ म्हणून पुतण्याच्या मागं मीच लागलो होतो. भांडणार कुणाशी?

तेव्हापासून बांधावर खोरं आणि खराटा असतो. ट्रॅक्टर बाहेर आला की आधी चाकं खरवडायची, मग डांबर. दहा मिनिटांचं काम आहे. एवढंच प्रत्येकानं आपापल्या रानापुढं करावं, ही विनंती.

मोटारवाल्यांनाही सांगतो. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं, मग गोटा झालेले टायर काय थांबवणार? पाऊस लागला की काही जण चारही इंडिकेटर लावून पळतात. अहो, मग तुम्ही कुठं वळणार ते मागच्यानं ओळखायचं कसं? साधे दिवे लावा, डिपरवर ठेवा.

आता कारखान्यांचे बॉयलर पेटतील. उसाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा वाढ्यांखाली झाकला जातो आणि सव्वासहालाच अंधार पडतो. लाल रिफ्लेक्टर दिसेल असा, उसाच्या बाहेर बांधा.

पुतण्या अजून कुरकुरतो. पण परवा पाहिलं, दुसरं एक खोरं त्यानं ट्रॅक्टरलाच बांधून ठेवलंय.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
कुरुंदवाड, ता. शिरोळ